एकाच शनिवार-रविवारी दोन वाढदिवस: आजोबांची पंचाहत्तरी आणि नातीचा पाचवा

आजोबांची पंचाहत्तरी आणि नातीचा पाचवा वाढदिवस एकाच आठवड्यात आले की बाहेरगावच्या नातेवाइकांना दोनदा हेलपाटा नको म्हणून दोन्ही समारंभ एकाच शनिवार-रविवारी करण्याचे ठरते. हा निर्णय योग्यच असतो; मात्र दोन्ही समारंभ एकाच तयारीत निभावतील असे घरातील मंडळी मनाशी धरून चालतात आणि तिथे घोळ होतो. शनिवारी दुपारपर्यंत आजोबा पार दमून गेलेले असतात, रविवारी संध्याकाळी ऐन केक कापताना नात झोपेला येऊन रडत असते, आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्यांना दोन्ही दिवसांत काय झाले ते फोटो पाहूनच कळते. पुढील आखणी एकाच कसोटीवर बेतलेली आहे: त्या दिवसाच्या उत्सवमूर्तीला जेवढे झेपेल आणि आवडेल तेवढे करावे, आणि बाकीचे कितीही हौसेचे असले तरी वगळावे.

मोजमापे पुण्यातील दोन बेडरूमच्या घराला धरून दिली आहेत. शनिवारी दुपारी जेवायला चाळीस माणसे, त्याच संध्याकाळी आजोबांचे पंधरा-वीस मित्र, रविवारी पंधरा मुले व त्यांच्याबरोबर आलेले वीस मोठे, आणि मुक्कामाला सात-आठ पाहुणे असा हिशेब धरला आहे. आपल्याकडील संख्येप्रमाणे त्यात कमी-जास्त करावे.

दोन्ही समारंभ एकत्र करू नयेत

"दोघांचा एकच केक कापू आणि एकाच हॉलमध्ये सगळे उरकू" ही सूचना घरातील कोणीतरी हमखास करते. खर्चाच्या दृष्टीने ती मोहक असली तरी ती मान्य करू नये. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचा उत्साह सकाळी असतो, त्याला बसून बोलायचे असते, आणि गोंगाट वाढला की ऐकू येणे कमी होऊन तो गप्प होतो. पाच वर्षांच्या मुलीला संध्याकाळी पळायचे असते आणि तिच्या दृष्टीने गोंगाट हाच समारंभ असतो. म्हणून शनिवारची सकाळ आजोबांची आणि रविवारची संध्याकाळ नातीची अशी वाटणी करावी. या वाटणीमुळे शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी असे दोन मोकळे काळ मिळतात, आणि त्यांत नवे काहीही भरायचे नाही हा नियम महिनाभर आधीच सर्वांना सांगून ठेवावा. "आलोच आहोत तर सारसबागेत जाऊन येऊ" असे म्हणणाऱ्यांनी खुशाल जावे, परंतु उत्सवमूर्तीला बरोबर नेऊ नये.

आजोबांच्या मित्रांना मात्र दुपारच्या जेवणात मिसळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या कट्ट्याला नातेवाइकांच्या गर्दीत मोकळेपणा येत नाही. ते पाकीट देतात, जेवतात आणि निघून जातात. त्यांना शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत, शक्य असल्यास सोसायटीच्या गच्चीवर, बटाटेवडे आणि कॉफीसाठी वेगळे बोलवावे. सगळ्या कार्यक्रमांत हा दीड तास आजोबांना बहुधा सर्वांत जास्त आवडतो आणि त्याला खर्चही सर्वांत कमी येतो.

तिथी, तारीख आणि शांत

पंचाहत्तरीला शांत करायची असेल तर गुरुजींशी निदान दीड महिना आधी बोलावे, कारण शनिवार-रविवारी त्यांच्याकडे आधीच वास्तुशांती, मुंजी आणि साखरपुडे लागलेले असतात. वयोवस्थेच्या शांतींमध्ये साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भैमरथी आणि पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री शांत सांगितली आहे. ती पंचाहत्तरावे वर्ष लागताना करायची की पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर, याबद्दल घराघरांत वेगवेगळी रीत आहे, त्यामुळे आपल्या घरातील मोठ्यांना विचारून मगच दिवस ठरवावा. दुसरा वाद तिथी आणि तारखेचा होतो. जन्मतिथी आणि जन्मतारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, म्हणजे ७६ वर्षे पूर्ण होताना ती जुळण्याचा संभव असतो. ७५ पूर्ण होताना त्यांच्यात दहा-अकरा दिवसांचे, आणि मध्ये अधिक मास आला असल्यास अठरा-एकोणीस दिवसांचे अंतर पडते. सगळ्यांना सोयीचा शनिवार हवा असेल तर त्यात चालणारा दिवस गुरुजींनाच काढायला सांगावा, आणि खऱ्या तिथीला घरातल्या घरात औक्षण करून गोड करावे.

हवनासह शांतीला तीन ते चार तास लागतात, हे गृहीत धरून सकाळी साडेसातला संकल्प होईल अशी वेळ ठरवावी. गुरुजींना तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात: यजमानांचे गुडघे दुखत असल्यास ते पाटाऐवजी बुटक्या खुर्चीवर बसतील, त्यांची सकाळची औषधे आणि त्यासोबतचे खाणे चुकणार नाही, आणि हवनाचा धूर खोलीत कोंडणार नाही अशा जागी कुंड ठेवले जाईल. बहुतेक गुरुजी या तिन्ही गोष्टींना हसून मान्यता देतात. आग्रह असतो तो घरातल्यांचाच. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी बसल्यामुळे साखर एकदम उतरण्याचा धोका खरा आहे, म्हणून उपास धरायचाच असेल तर तो मुलाने किंवा सुनेने धरावा. फ्लॅटमध्ये हवनकुंडाखाली विटा आणि वाळूचा थर द्यावा, नाहीतर फरशीला तडा जातो. मजल्यावर धुराची सूचना देणारे यंत्र असेल तर सोसायटीच्या कार्यालयाला आदल्या दिवशी कळवावे.

शांत न करणाऱ्या घरांसाठी परंपरेत एक छोटा आणि सुंदर विधी आहे. वाढदिवसाला मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य व परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करून तीळ आणि गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यावे, असे सांगितले आहे. त्याला दहा मिनिटे पुरतात आणि तो आजोबांनाच नव्हे तर नातीलाही करता येतो.

पंच्याहत्तर दिव्यांचे औक्षण

शनिवारचा खरा क्षण औक्षणाचा असतो आणि तयारीत नेमके तेच शेवटच्या घटकेवर ढकलले जाते. साध्या औक्षणाला पाट, भोवती रांगोळी, आणि तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी व सोन्याची अंगठी एवढे लागते. उत्सवमूर्तीने पूर्वेकडे तोंड करून बसावे; ओवाळणारीने कुंकू आणि अक्षता लावून सुपारी व अंगठी ओवाळावी, मग निरांजनाने ओवाळून तोंड गोड करावे. पंचाहत्तरीला मात्र वयाइतके दिवे लावण्याची हौस असते आणि पंच्याहत्तर ज्योती एकाच वेळी तेवत ठेवणे दिसते तितके सोपे नाही.

त्यासाठी पितळेची किंवा स्टीलची मोठी परात घ्यावी, तिच्यात तांदळाचा बोटभर थर पसरावा आणि त्यावर कणकेचे छोटे दिवे बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत गोल ओळींत बसवावेत. तांदळामुळे दिवे कलंडत नाहीत आणि परात लगेच तापत नाही. फुलवाती आदल्या रात्री तुपात भिजवून ठेवाव्यात आणि सकाळी प्रत्येक वातीच्या टोकाला चिमूटभर कापराचा चुरा लावावा, म्हणजे काडी टेकताच वात पेटते. पेटवताना मधल्या दिव्यापासून सुरुवात करून बाहेरच्या ओळींकडे यावे, म्हणजे पेटलेल्या ज्योतींवरून हात न्यावा लागत नाही. दोघींनी दोन लांब मेणबत्त्या घेऊन समोरासमोरून पेटवल्यास परात दोन-तीन मिनिटांत उजळते. पंखे आधी बंद करावेत, आणि पेटवणाऱ्यांनी पदर कमरेला खोचावा, कारण अशा दिवशी प्रत्येकीच्या अंगावर रेशमी साडी असते आणि सगळ्यांचे लक्ष फोटोकडे असते.

पेटलेली परात उचलून ओवाळण्याचा हट्ट मात्र सोडावा. ती जड असते, तापलेली असते आणि कलली तर वितळलेले तूप सरळ मांडीवर येते. परात उत्सवमूर्तीसमोर चौरंगावर ठेवावी आणि सुवासिनींनी हातातील निरांजनाने ओवाळावे. शोभा तेवढीच दिसते. पाच-सहा जणींना ओवाळायचे असेल तर त्यांचा क्रम आधी ठरवावा, म्हणजे "तुम्ही आधी, तुम्ही आधी" या आग्रहात दिवे विझत नाहीत.

काही घरांत तुला, म्हणजे उत्सवमूर्तीच्या वजनाइतके दान, करण्याची इच्छा असते. तागडीत बसवून वृद्ध माणसाला झुलवण्यापेक्षा घरच्या वजनकाट्यावर वजन करून तेवढ्या वजनाचे तांदूळ, गूळ किंवा पुस्तके एखाद्या संस्थेला द्यावीत, आणि काय हवे ते त्या संस्थेला आधी विचारावे. वसतिगृहाच्या कोठीत आधीच तांदूळ पडून असतील तर आणखी पासष्ट किलो तांदळाने त्यांची अडचणच वाढते.

परदेशातील मुले व्हिडिओ कॉलवरून औक्षणात सामील होणार असतील तर वेळ त्यांच्या घड्याळाशी ताडून पाहावी. भारतात शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारी रात्रीचे नऊ आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, म्हणजे तिकडच्यांना ते सोयीचे पडते. लंडनमध्ये मात्र त्या वेळी पहाटेचे पाच किंवा चार असतात. उलट रविवारी संध्याकाळी साडेपाचला लंडनमध्ये भर दुपार आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ किंवा सात असतात. त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्यांनी औक्षण पाहावे आणि लंडनच्यांनी केक पाहावा, अशी विभागणी सर्वांना झोप देणारी ठरते.

शनिवारचे जेवण

चाळीस माणसांचा स्वयंपाक घरी करण्याची प्रतिज्ञा कोणी करू नये. आचाऱ्याला बोलवावे, किंवा जेवण बाहेरून मागवावे आणि फक्त एखादा पदार्थ, उदाहरणार्थ आजोबांच्या आवडीचे पंचामृत किंवा अळूची भाजी, घरच्या हाताची ठेवावी. पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुऱ्या, मठ्ठा आणि एकच गोड पदार्थ एवढा बेत पुरेसा असतो. श्रीखंड आणि जिलबी दोन्ही ठेवली की दोन्ही उरतात.

आचारी सामानाची यादी देतो तेव्हा ती आपल्याला पडताळता यावी म्हणून ठोकळ प्रमाण ध्यानात ठेवावे. चाळीस जणांना मसालेभाताला अडीच किलो आणि साध्या भाताला दीड किलो तांदूळ, सव्वा किलो तूरडाळ, पाच किलो बटाटे आणि तीन किलो काकडी लागते. माणशी सहा पुऱ्या धरल्या आणि एक किलो कणकेच्या पन्नासेक पुऱ्या होतात असे मानले, तर पाच किलो कणीक पुरते. माणशी सव्वाशे ग्रॅम श्रीखंड धरल्यास पाच किलो लागते; ते घरी करायचे असेल तर तीन किलो चक्क्याला दोन ते सव्वादोन किलो साखर घ्यावी आणि वेलदोडा-केशर आदल्या रात्रीच घालावे. मठ्ठा आठ लिटर लागतो आणि तो हमखास कमी पडतो, म्हणून दोन लिटर दही जास्तीचे ठेवावे.

पंगत की बुफे, याचे उत्तर पाहुण्यांच्या वयावर ठरवावे. साठीच्या पुढची माणसे निम्म्याहून जास्त असतील तर हातात ताट घेऊन उभे राहण्याची शिक्षा त्यांना देऊ नये; टेबल-खुर्च्या मांडून वीस-वीसच्या दोन पंगती कराव्यात. पहिल्या पंगतीत आजोबांना बसवावे आणि ती साडेबाराला सुरू करावी. केळीचे पान मांडायचे असल्यास त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या वाढाव्यात. वाढणाऱ्या तरुण मंडळींना हे आदल्या रात्री एका रिकाम्या ताटात दाखवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी काकू-मावशींचे टोमणे टळतात. जेवणाआधी दोन शब्द बोलायची प्रथा असेल तर बोलणाऱ्यांची संख्या चारवर ठेवावी आणि प्रत्येकाला आजोबांची एकच आठवण सांगायला सांगावी. व्यासंगी, मनमिळाऊ आणि कष्टाळू या तीन विशेषणांवर थांबणाऱ्या भाषणांना फाटा द्यावा.

आमंत्रण देतानाच "आहेर आणू नये" असे स्पष्ट लिहावे, आणि लिहिल्यावर ते पाळावे. आमंत्रण मोठ्यांना फोनवरून, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर द्यावे. शिरगणती करताना मात्र "बघतो, जमवतो" म्हणणाऱ्यांना अर्धे धरावे. आपल्याकडे स्पष्ट नकार देणे असभ्य मानले जात असल्यामुळे हा हिशेब आश्चर्य वाटावे इतका बरोबर येतो.

जेवण उरकले की दुपारी दोन ते पाच आजोबांच्या खोलीचे दार बंद ठेवावे. उशिरा आलेल्या पाहुण्याने "फक्त पाया पडून जातो" असे म्हटले तरी त्याला चहा देऊन थांबवावे किंवा संध्याकाळी यायला सांगावे. हे काम गोड बोलून ठाम राहू शकणाऱ्या एका व्यक्तीकडे आधीच सोपवावे; बहुतेक घरांत अशी एखादी आत्या असतेच.

फ्रिज, मुक्काम आणि शनिवारची रात्र

दोन दिवसांच्या कार्यक्रमात खरी कोंडी घरातल्या फ्रिजमध्ये होते. शनिवारी त्यात चक्का, दही, दूध, गजरे आणि पूजेची फुले असतात, आणि रविवारी दुपारी तीन किलोच्या केकचा चौकोनी खोका येतो, जो कोणत्याही कप्प्यात आडवा बसत नाही. त्यामुळे केकच्या खोक्याची लांबी-रुंदी बेकरीला आधी विचारून फ्रिजचा एक कप्पा मोजून घ्यावा, मधली जाळी काढावी लागणार असेल तर ती शनिवारी रात्रीच काढावी, आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजमधील एक कप्पा दोन दिवसांसाठी मागून घ्यावा. श्रीखंड उरले तर ते शनिवारी संध्याकाळीच डब्यांतून निघणाऱ्या पाहुण्यांबरोबर द्यावे.

मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी गाद्यांपेक्षा बाथरूमचा प्रश्न मोठा असतो. सात-आठ जणांना सकाळी साडेसातच्या आत अंघोळ करायची असेल तर गीझर पाच वाजता सुरू करावा लागतो, आणि सोसायटीच्या पाण्याच्या वेळा पाहून पिंप भरून ठेवावे लागते. तरुणांना शुक्रवारी रात्रीच अंघोळ उरकायला सांगितल्यास सकाळची रांग निम्म्याने कमी होते. शनिवारी रात्री कट्ट्यावरचे मित्र गेल्यानंतर मुगाची खिचडी, कढी आणि पापड एवढेच करावे. दिवसभर तळलेले खाल्लेल्या माणसांना ती पक्वान्नासारखी लागते, आणि हॉटेलात जाण्याचा बेत कोणी काढला तरी तो हाणून पाडावा. सोसायटीच्या गच्चीवर ध्वनिक्षेपक लावला असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा त्याला बंदी आहे, हे गाण्याच्या मैफलीची हौस असलेल्या काकांना वेळीच सांगावे.

रविवारची खरेदी आणि सजावट

सजावटीचे आणि मुलांना द्यायच्या भेटींचे सामान रविवार पेठेतील बोहरी आळीत घाऊक भावात मिळते, पूजेची उपकरणे तुळशीबागेत आणि सुटी फुले मार्केट यार्डच्या फूलबाजारात. फुले सोडून बाकीची सगळी खरेदी आठवडाभर आधी मधल्या वारी करावी. शनिवारी पेठांत गाडी लावण्यासाठी जागा शोधणे हा स्वतंत्र समारंभ होतो.

सामान घेताना कायद्याकडे लक्ष द्यावे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सुऱ्या आणि स्ट्रॉ, तसेच फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचे थर्मोकोल यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात अशा वस्तूंवर २०१८ पासूनच निर्बंध आले होते. दुकानांत यातील काही वस्तू अजूनही दिसतात, म्हणून त्या घ्याव्यात असे नाही. पंधरा मुलांना घरातील स्टीलच्या ताटल्या सहज पुरतात आणि त्या पडल्या तरी फुटत नाहीत.

फुग्यांबाबत मात्र फार काळजी घ्यावी. हवेत तरंगणारे फुगे हेलियमचे असावेत. स्वस्तात मिळणाऱ्या तरंगत्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन भरलेला असतो. हायड्रोजनचा फुगा मेणबत्तीजवळ किंवा उदबत्तीजवळ फुटला की क्षणात आगीचा लोळ होतो आणि जवळच्या मुलांचे चेहरे व केस भाजतात. विक्रेत्याने हेलियमच्या टाकीची खात्री पटवली नाही तर सरळ तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले फुगे भिंतीला लावावेत. केक कापताना अंगावर उडवायच्या फेसाच्या फवाऱ्यांनाही हाच नियम लावावा, कारण त्यातील वायू पेट घेऊ शकतो आणि समोर मेणबत्त्या जळत असतात. न फुगवलेले आणि फुटलेले फुगे लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत याची जबाबदारी एका मोठ्या माणसाला नाव घेऊन द्यावी.

मुलांचे दोन तास

रविवारी नातीला दुपारी झोपवावे, ती झोपत नसेल तर निदान अंधाऱ्या खोलीत गोष्ट सांगत पडून राहावे. कार्यक्रम पाच ते सात एवढाच ठेवावा आणि आमंत्रणात शेवटची वेळही लिहावी. मुलांचे पालक सातला न्यायला येतात तेव्हा त्यांना वाईट वाटत नाही. उलट सुटल्यासारखे वाटते.

खेळ निवडताना "बाद झाला" हा शब्द टाळता येईल असे निवडावेत. संगीत खुर्चीत पहिल्या फेरीत बाद झालेले मूल पुढची पंधरा मिनिटे पडदे ओढत बसते. त्याऐवजी "आईचं पत्र हरवलं" हा गोलात बसून खेळायचा खेळ छोट्या हॉलमध्ये उत्तम जमतो, "शिवाजी म्हणतो" उभ्या उभ्या खेळता येतो, आणि सोसायटीचे आवार मोकळे असल्यास "डोंगराला आग लागली, पळा पळा" याइतका मुलांची रग जिरवणारा खेळ दुसरा नाही. एक खेळ बसून आणि एक पळून असा क्रम ठेवावा. खेळ घेणारी व्यक्ती एकच असावी आणि ती आई नसावी, कारण आई सतत दाराकडे आणि स्वयंपाकघराकडे पाहत असते.

केक साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान कापावा. "जोशी अजून यायचे आहेत" म्हणून थांबू नये. उशिरा येणाऱ्यांना केक खाता येतो, कापणे पाहायला मिळाले नाही तरी चालते. एक किलो केकचे दहा-बारा तुकडे होतात, त्यामुळे पस्तीस जणांना तीन किलो पुरतो. शाकाहारी पाहुणे असल्यास संपूर्ण केकच बिनअंड्याचा मागवावा, दोन वेगळे केक ठेवून कोणता कोणाचा याचा गोंधळ करू नये. केक कापण्याआधी आजीने पाच दिव्यांनी नातीला ओवाळावे. मेणबत्ती फुंकण्याबद्दल घरात दोन मते असतात: ज्योत फुंकून विझवणे अशुभ, असे आजीला वाटते आणि फुंकरीशिवाय वाढदिवस कसला, असे नातीला वाटते. हा वाद पाहुण्यांसमोर उभा राहण्याआधीच मिटवावा. मेणबत्ती फुंकायची आणि निरांजन शांतपणे तेवत ठेवायचे, ही तडजोड बहुतेक आज्या मान्य करतात.

खाण्यात मिनी इडली, चीज सँडविच, बटाट्याचे वेफर्स आणि कलिंगडाच्या किंवा पपईच्या फोडी एवढे ठेवावे. तिखट आणि ओली पाणीपुरी मोठ्यांसाठी बाल्कनीत मांडावी. शेंगदाणा किंवा काजू चालत नाही असे एखादे मूल आहे का, हे प्रत्येक पालकाला आमंत्रण देतानाच विचारावे, कारण दाबेलीत, चिवड्यात आणि चटणीत दाणे असतात हे लहान मुलाच्या लक्षात येत नाही. परतभेट म्हणून खडूची पेटी किंवा छोटे चित्रपुस्तक द्यावे. प्लास्टिकची खेळणी दाराबाहेर पडण्याआधीच मोडतात आणि रडारड होते.

आलेल्या भेटी पाहुण्यांसमोर उघडू नयेत. रात्री नातीबरोबर एक-एक उघडताना कोणी काय दिले ते वहीत लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन करताना नेमके नाव घेऊन आभार मानता येतात. आजोबांसाठी आलेली पाकिटेही त्याच वहीत नोंदवावीत. आहेर आणू नये असे लिहूनही ती येतातच, आणि त्यांची परतफेड पुढच्या कार्यात करायची असते.

रविवारी रात्री सजावट लगेच उतरवावी, कारण सोमवारी ती उतरवायला घरात कोणाला वेळ नसतो. ओला कचरा, कागद आणि फुगे वेगळ्या पिशव्यांत भरावेत, आणि निर्माल्य ओल्या कचऱ्यात न मिसळता सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा कुंड्यांत घालावे. ज्यांच्या गाड्या सोमवारी पहाटे आहेत त्यांच्यासाठी चिवडा आणि उरलेल्या केकचे चौकोनी तुकडे डब्यांत भरून डबे दाराजवळच्या बाकावर नावे लिहून ठेवावेत, आणि रिक्षा रात्रीच सांगून ठेवावी.